पेवात सोडलेला कंदील

अजूनही एखाद्या लग्नात कोणी भेटतंच आणि विचारतं, "तुमचे ते शेणाच्या गॅसवाले मामा गॅसनंच गेले ना?" मग मी ताटावरून उठते. माझी बुंदी गार झाली तरी चालेल, पण विचारलंय तर आता पूर्ण ऐकून जा म्हणते. माझा मामा गॅसनं गेला नाही. त्यानं जीवही दिला नाही. हे मी मरेपर्यंत सांगणार, कोणाला ऐकायचा कंटाळा आला तर त्यानं कान झाकावेत.

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात माझं आजोळ. दोन मामा, एकच घर. मोठा मामा शेतीचा कारभार पाहायचा आणि धाकट्याच्या डोक्यात शेण होतं. हे मी नाही, गाव म्हणायचं. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं. आम्ही अकोल्यात राहायचो, तिथंही घरोघरी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळूनच स्वयंपाक व्हायचा. आणि हा बाबा सांगत फिरायचा की गावातल्या ढोरांच्या शेणावर गावाचे दिवे लागतील, पिठाची चक्की चालेल, जिनिंगचं इंजिनसुद्धा फिरेल! परसात त्यानं विटांचा खोल खड्डा बांधला आणि वर लोखंडी टाकी पालथी बसवली. शेणात पाणी कालवून आत ओतायचं. ते कुजलं की गॅस धरायचा, टाकी आपली आपण वर उचलायची आणि गॅस नळीतून थेट मामीच्या शेगडीत यायचा. अमरावतीच्या प्रदर्शनात त्यानं छोटा नमुना नेला, तर साहेबलोकांनी नाकाला रुमाल लावून त्याला वाटेला लावलं. तेव्हापासून गाव त्याला शेणमहाराज म्हणायला लागलं.

मामी मात्र हसली नाही. पऱ्हाट्यांच्या धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे. पहिल्यांदा निळी ज्योत लागली तेव्हा ती म्हणाली, "अवो माय, डोळ्याले पाणी न येता भाकर झाली!" मामाला त्या दिवशी साहेबांच्या शाबासकीपेक्षा जास्त मिळालं. मग त्यानं घरात दिवाही गॅसवरच लावला आणि हौसेच्या भरात घरातले सगळे कंदील मोडीत घातले.

मी नुकतीच शाळेत मास्तरीण झाले होते. ऐन उन्हाळ्यात निरोप आला आणि आई आणि मी बसनं निघालो. पोचलो तेव्हा मामाला ओट्यावर निजवलं होतं. मोठा मामा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "गॅसच्या खड्ड्यात पडला. आमीच काढला." पाटलानं मान डोलावली. कोणी म्हणालं, लोक हसत होते म्हणून त्यानंच उडी घेतली असंल. कोणी घासलेटवाल्या दुकानदाराचं नाव कुजबुजलं. जितकी तोंडं तितकी मरणं! मामा गेला तेव्हा नेमकी मामी घरात नव्हती, ती नदीवर धुणं धूत होती.

मामीनं आईला आणि मला जवळ ओढलं. "केसाचा वास घ्या," म्हणाली. मी वाकले. आंबूस, कोंदट वास होता, पेवातल्या ज्वारीचा. कानाच्या पाळीमागं ज्वारीचे दाणे चिकटले होते. "शेणाच्या खड्ड्यात पडलेला माणूस असा कोरडा राह्यते का वं? अन् पेवाच्या तोंडावर ओली माती हाय, पाहून या."

मी परसात जाऊन पाहिलं. माती खरंच ओली होती, म्हणजे पेव नुकतंच उघडून पुन्हा लिंपलं होतं.

पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. वर माणूस उतरेल एवढंच तोंड आणि आत खोलीएवढी जागा. बंद पेवातली हवा मरते. आमच्याकडे हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. पेव संध्याकाळी उघडायचं, रात्रभर उघडं ठेवायचं आणि सकाळी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. विझला तर ज्वारी राहिली तिथंच.

आईला सगळं कळलं. पण दोन्ही भाऊ तिचेच. एक गेला, आता दुसऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, या भीतीनं ती माझा हात दाबून म्हणाली, "चूप राह्य." मला तिचा असा राग आला की रडूसुद्धा आलं नाही. आणि मामी तर भासऱ्यापुढं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं, लग्न झाल्यापासून एक शब्द बोललेली नव्हती. तशी रीतच होती.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. आम्ही बाया लांब उभ्या होतो. कावळे झाडावर बसून पाहत होते, एकही शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली म्हणत एकेकजण हात जोडून बोलायला लागला. "तुया बायकोले सांभाळू." कावळा हलला नाही. "तुया वाट्याची जमीन तिलेच देऊ." तरी नाही. शेवटी मोठा मामा पुढं झाला. "बापा, ज्यानं तुया जीव घेतला तो खड्डा आमी बुजवतो. तेरवीलेच बुजवतो." आणि मेला कावळा झडप घालून आला! झालं. गावानं निकाल लावला. मेलेल्यानंच कबूल केलं, म्हणे, गॅसनं गेलो!

मी घरी येऊन मामीला सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि फणकारली, "कावळा बसाले अन् फांदी मोडाले! भूक लागली त्याले, म्हून आला. माया नवऱ्याचा सारा जीव त्या खड्ड्यात होता अन् तो म्हणन बुजवा? कावळा काय जज हाय?"

तेरवीच्या सकाळी परसात मातीच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येऊन उभ्या राहिल्या. मामा गेल्यापासून खड्ड्यात कोणी शेण घातलं नव्हतं, टाकी खाली बसत चालली होती. उरलेल्या गॅसवर मामीनं नैवेद्याचं पान शिजवलं. पाहुणे जमले, मजुरांनी फावडी उचलली, तशी ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. हातात शेजारणीकडून मागून आणलेला कंदील होता. भासऱ्याकडं न पाहता ती आईला म्हणाली, "ताई, तुमच्या भावाले सांगा, खड्डा मंग बुजवा. आधी पेव उघडा."

"हे काय खूळ हाय?" मोठा मामा ओरडला. चोराच्या मनात चांदणं! कोणी पुढं येईना, तेव्हा मामीनंच एका मजुराच्या हातातलं फावडं घेतलं. मीही पदर खोचून माती ओढली. आई माझ्याकडं पाहत राहिली आणि मग तीही खाली बसून हातानं माती सारायला लागली.

तोंड उघडलं. विहिरीच्या दोराला बांधून मामीनं पेटता कंदील आत सोडला. माणूसभर खाली गेला आणि विझला. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं तो वर काढून पुन्हा पेटवला आणि पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

"ताई," मामी म्हणाली, "त्यायले विचारा, त्या दिवशी कंदील सोडला होता का?"

मोठा मामा तडकून बोलून गेला, "सोडाले घरात कंदील होता कुठी? त्यानंच तर मोडीत घातले!"

बोलला आणि स्वतःच ऐकून मटकन बसला. सगळं बाहेर पडलं. त्या दिवशी ज्वारी न्यायला बेपाऱ्याची गाडी दारात उभी होती. रात्रभर थांबायला सवड नव्हती. यानं म्हटलं, उतर. आणि साऱ्या जगाला हवेचं ज्ञान सांगणारा माझा मामा मोठ्या भावाला नाही म्हणू शकला नाही, उतरला.

"आज मले शेजारी कंदील भेटला," मामी म्हणाली. "त्याही दिवशी भेटला असता." मग ती पाहुण्यांकडं वळली. "पान माया शेगडीवर शिजलं. ज्याले चालते त्यानं बसा. ज्याले नाई चालत त्यायले रस्ता मोकळा हाय." कोणी उठलं नाही. मातीच्या बंड्या भरल्या तशाच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामी परसात भांडी घासत होतो. मोठा मामा गोठ्यातून आला, डोक्यावर शेणाची पाटी होती. पिंडापुढं हात जोडून दिलेला शब्द मोडत त्यानं ती खड्ड्यात उलटी केली आणि मान खाली घालून उभा राहिला. मामीनं पदर सावरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती सरळ त्याच्याशी बोलली.

"नुसत्या शेणानं नाई होत. तेवढंच पाणीबी लागते."

त्यानं बादली उचलली आणि विहिरीकडं गेला.