आत्याचे कंद

दुसऱ्याच्या वतीनं धीर धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

स्वतःच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. माझ्या परसातले कंद मी वेल हिरवे असतानाच उकरले. एकेक बोटाएवढा. भाजून खाल्ले, दाताला लागलेसुद्धा नाहीत.

अशा माणसाच्या हाती आमच्या आत्यानं आपला कंदांचा वाफा सोपवला. तिची लेक सासरी, नंदिगद्द्याला बाळंत व्हायची होती. आई गेल्यापासून मला वाढवलं ते या आत्यानंच, आणि माझं लग्नही तीच जमवत होती. निघताना म्हणाली, "वेल वाळला की काढ, आन् बारशाला टोपली भरून घिऊन ये. तितनं उळवीच्या जत्रंला जाऊ. तुला बघितलेल्या पोरीचा बा येतोय, तुझं ठरवूनच टाकू."

वेल वाळला. कुदळ उचलली आणि मनात आलं, आत्याचे कंद, घाई कशाला? आणखी आठ दिवसांत चांगले पोसतील. (माझे असते तर एव्हाना पचले असते!)

शेजारचा तुकाण्णा कुंपणावरून म्हणाला, "काढ की रे. डुकरं फिराय लागल्यात."

"आत्याचं हाईत. जरा मोठं हू देत."

"वेल वाळल्यावर कंद वाढतोय व्हय? तुझ्या आज्यानं बघितलावता?"

तरी थांबलो. आठाचे पंधरा दिवस झाले. सोळाव्या सकाळी बघतो तर वाफा नांगरल्यासारखा उलथलेला. डुकरांनी वाट पाहिली नव्हती.

बारशाला रिकामी टोपली घेऊन गेलो. पाहुण्यांच्या पानात नुसता भात आणि आमटी. आत्यानं टोपलीत वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आता बियाला काय लावू रे, सोमा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उळवीला पोरीचा बाप भेटला. मुलगी मी लांबून पाहिली. माझी तर तिथंच हळद लावून घ्यायची तयारी होती.

बाप म्हणाला, "मग, यंदाच उरकूया?"

मी आत्याला हळूच कोपरानं ढोसलं.

आत्या शांतपणे म्हणाली, "घाई कशाला? आमचा सोमा अजून बारीक हाय. जरा पोसू दे."

पुढच्या जत्रेला ती मुलगी नवऱ्याबरोबर आली.

त्याला बारा वर्षं झाली. अजून विषय काढला की आत्या म्हणते, "थांब, वेल वाळू दे." परवा विहिरीच्या पाण्यात तोंड पाहिलं. डोक्यावर मोजून चार केस.

आत्या, वाळला गं.