गर्दी करू नका

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या फोनमध्ये ते ॲप घालून दिलं, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं! बावीस वर्षं मी जे करत आले, ते आता फोन करणार. लेक माझी स्वमग्न. गोंगाट झाला, कुणाचा धक्का लागला, की तिचा जीव घाबरा होतो, तोंडातून शब्द फुटत नाही. अशा वेळी तिनं बटण दाबायचं. फोनवर एक गोल फुगतो-आकसतो, त्याच्या तालावर श्वास घ्यायचा. खाली लोकांसाठी मोठ्या अक्षरांत पाटी येते: ‘मला घाबरल्यासारखं होतंय. कृपया गर्दी करू नका.’

तिला बारामतीत रोपवाटिकेत काम लागलं होतं. निमगावातनं एसटीनं एकटीनंच जायचं, हा तिचा हट्ट. मी फक्त स्टँडवर सोडायला गेले.

नेमका बाजारचा दिवस. कुणाच्या तरी टोपलीचा धक्का लागला. तिनं शहाण्यासारखा फोन पुढं धरला. समोरच्या तात्यांचा चष्मा घरी राहिलेला.

“काय लिवलंय रं?” त्यांनी शेजारच्याला विचारलं. त्यानं खड्या आवाजात वाचून दाखवलं. मग काय विचारता! अख्खा स्टँड गोळा झाला.

“आवो, गर्दी करू नका म्हणती पोरगी, सरका की!” असं म्हणत जो तो पुढं. एक मावशी कांदा फोडून तिच्या नाकाला लावायला धावली.

“फीट नाही आली तिला!” सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते ती मी. लेक कानांवर हात ठेवून खाली बसली. एसटी निघून गेली.

घरी येऊन मी गावाचा उद्धार केला. मेल्यांना वाचता येतं, पण कळत काही नाही. उद्यापासून बारामतीपर्यंत मीच सोबत येणार, सांगून टाकलं. लेक उठून फोन चार्जिंगला लावायला गेली. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी स्टँड रिकामा होता. मी आपली सुरू: डबा घेतलास का, पाणी घेतलंस का, भीती वाटतीय का, घाबरायचं नाही हं, तो गोल काढ बरं.

तिनं फोन काढला, बटण दाबलं आणि पाटी माझ्यासमोर धरली.

“अगं, इथं गर्दी कुठंय? मी एकटीच तर आहे.”

“हो,” ती म्हणाली. “तूच.”

असा राग आला! डोळेही भरले, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात एसटी लागली. ती चढली. तिच्या मागं पायरीवर ठेवलेला पाय मी खाली घेतला.

ती पाटी वाचून मागं सरलेलं अख्ख्या निमगावातलं पहिलं माणूस मीच.