भिंतीवरचा शिसा

ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. तोंड माझं तेव्हा फार तिखट. आयाबायांना मी चांगलीच फैलावर घ्यायची आणि त्या ऐकूनही घ्यायच्या, कारण मी त्यांच्याच बोलीत बोलायची. डॉक्टर पुण्याकडचे. त्यांचं बोलणं बायांना कळायचं नाही आणि बायांचं त्यांना. त्यामुळे तपासणीच्या टेबलापाशी मी दुभाषी. याचा मला भलता गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तलावाकाठच्या एका गावातली, मासे धरणाऱ्या ढिवराची बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन दर आठवड्याला यायची. मुलगी पांढरीफटक पडलेली, पोट सारखं दुखायचं, चार-चार दिवस संडासला व्हायचं नाही. जंताचं औषध झालं, रक्तवाढीचं झालं, घरी दृष्टही काढून झाली. पण आईचा जीव वेगळ्याच गोष्टीसाठी तुटत होता. दिवसभर बडबडणारी पोर दिवाळीपासून बोलायचीच थांबली होती. "आंधी मले हाका मारून मारून बेजार करे बाई. आता निस्ती पाह्यते," ती म्हणायची.

"काऊन वो, लेकराले माती खाऊ देतेस ना? मंग दुसरं का होईन?" मी तिलाच झापायची. ती खाली मान घालून गोळ्यांची पुडी पदराला बांधायची.

एक दिवस डॉक्टरांनी मुलीच्या हिरड्या बराच वेळ निरखल्या आणि मला म्हणाले, "यांच्या घरात शिसं आहे का, विचारा बरं."

मी तत्परतेनं विचारलं, "घरी शिसा हाय का वो तुमच्या?"

"हाय ना बाई. लहानसा हाय एक."

डॉक्टर खुर्चीतच पुढे सरकले. "कुठे असतं?"

"भितीले. खिळ्याले टांगला हाय."

मला हसू आवरेना. आमच्या भागात शिसा म्हणजे आरसा. मी तसं सांगितल्यावर डॉक्टरही हसले आणि केसपेपरवर शिशापुढे 'नाही' असं लिहून मोकळे झाले. आम्ही कशाला हसलो हे त्या बाईला मात्र दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

पुढचे दोन आठवडे ती आली नाही. तिसऱ्या आठवड्यात लसी टोचायला मी त्यांच्याच गावात गेले, तेव्हा तिच्या घरीही डोकावले. मुलगी दारातच बसलेली, डोळे माझ्याकडे, तोंड बंद. आई बाहेर आली. तिचा भांग वाकडा आणि कुंकू पार भुवईवर घसरलेलं.

मला थट्टा सुचली. "कुंकवाले का झालं वो आज? शिसा फुटला का?"

"फुटला नाई बाई. काढून ठेवला."

"काहाले?"

"तुमीच तं इचारलं होतं ना त्या दिवशी. डाक्टरसायब कसे दचकले मी हाय म्हनलं तं. मले वाटलं, पोरीले त्याचीच बाधा असन. म्हनून फडक्यात गुंडाळून गोठ्यात नेऊन ठेवला. पन पोरगी काई बोलत नाई बाई अजून."

भिंतीवर रिकामा खिळा होता. तीन आठवडे ही बाई तोंड न बघता कुंकू लावत होती, आणि तिनं तेवढं करावं म्हणून तिला कोणी सांगितलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली. आयुष्यात तेवढी पुन्हा कधी वाटली नाही. तिला समजावून सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, डॉक्टरांचं शिसं म्हणजे नक्की कसं दिसतं हे मलाही धड ठाऊक नाही.

मागच्या बाजूला तिचा नवरा चुलीपाशी बसला होता. ज्या चुलीवर भात शिजायचा, तिच्यावरच कढईत काहीतरी वितळत होतं, आणि तो ते पळीनं मातीच्या साच्यात ओतत होता. शेजारी जाळं पसरलेलं, त्याच्या काठाला करडे मणी. जाळं पाण्यात तळाला जावं म्हणून हे वजन. एकेक मणी दोरीवर घट्ट बसवायला तो दातांखाली दाबायचा. मुलगी सरकत सरकत तिथे गेली, एक मणी उचलून तिनंही बापासारखाच दाढेखाली धरला.

"हे का हाय भाऊ?"

"जस्त हाय बाई. घुग्घुसले कोळशाच्या खाणीवर ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या भेटतेत, त्यातलं. माहा साळा तिथून पाठवते."

मुलीच्या तोंडातून मी मणी काढला. इवलासा, पण जड. नखानं ओरखडा उठला. लसीच्या वहीच्या कोपऱ्यावर घासून बघितला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ. आमचे डॉक्टर पेन्सिलीला शिसपेन म्हणायचे, मी त्यावरून त्यांना चिडवायची. मणी पुडीत बांधला आणि मिळेल त्या एस.टी.नं दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी मणी हातात घेतला आणि जस्त कसलं, हेच शिसं, असं म्हणत केसपेपरवरचं 'नाही' खोडलं. दुसऱ्याच दिवशी मायलेकींना घेऊन मी नागपूरला गेले. रक्तात शिसं निघालं, बरंच निघालं. अंगातलं शिसं लघवीवाटे बाहेर काढणारी इंजेक्शनं तिथे सुरू झाली, आणि पुढची रोज लघवी तपासून आमच्याच दवाखान्यात मी टोचली. फार दुखायची ती. मुलगी आवाज न करता रडायची, आणि मला ते बघवत नसे. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आईला स्वच्छ सांगितलं. या वेळी तिच्या बोलीत सांगताना मी एकेक शब्द तिच्याकडून वदवून घेतला.

घर साफ झाल्याशिवाय पोर घरी न्यायची नाही, अशी डॉक्टरांची अट होती; मायलेकी तोवर दवाखान्यातच राहिल्या. बापानं चुलीभोवतीची माती खणून काढली, नवी चूल घातली, घर सारवलं, आणि सगळे मणी डब्यात भरून दवाखान्यात आणून दिले. कुंभाराकडून भाजलेल्या मातीचे मणी करून घेतले. "जाळं हलकं पडते बाई, मासोळी निसटून जाते," तो कुरकुरला. मी पोरीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "जाऊ द्या. निसटली तं निसटली."

दोन महिन्यांनी मायलेकी घरी गेल्या त्या दिवशी मीही सोबत गेले. मुलीच्या गालावर रंग आला होता, ती जेवत होती, धावत होती. बोलत मात्र नव्हती. आईनं गोठ्यातून फडकं आणलं, आरसा पदरानं पुसला आणि खिळ्याला टांगला. मग लेकीला कडेवर उचलून त्याच्यासमोर धरलं. पोर आधी स्वतःकडे बघत राहिली, मग आईकडे. मी मागेच उभी होते. आरशात तिची नजर माझ्यावर आली तशी तिनं आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

"सुई नाई," ती म्हणाली.

आई आरशातूनच माझ्याकडे बघत राहिली. "नाई वो माय," मी म्हटलं, "आता सुई नाई," आणि माझे दोन्ही रिकामे हात वर करून तिला दाखवले.