बुटांच्या दुकानातला जून

बायकांना एसटीत अर्धं तिकीट सुरू झालं त्याच वर्षीची ही गोष्ट. माझी मोठी मुलगी तेव्हा तिसरीत जाणार होती आणि धाकटी पहिलीत. दोघी दिग्रसच्या कॉन्व्हेंटमध्ये. आमचं गाव तिथून बारा किलोमीटर, शाळेची गाडी दारापर्यंत येते. मोठीचे जुने बूट मे महिन्यातच बोटांना लागायला लागले होते. त्यात शाळेचा नियम असा की तिसरीपासून सगळ्यांना, मुलगा असो की मुलगी, नाडीचे काळे बूट. धाकटीला तर मोठीचे जुने देऊनही चालणार नव्हतं, कारण तिने ते आधीच अंगणात घालून घालून फाडले होते.

आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. गर्दी व्हायच्या आत आणावेत म्हणून मी बस धरून दिग्रसला गेले. बसस्टँडजवळचं दुकान ओळखीचं होतं, मागच्या वर्षीही तिथूनच घेतले होते. दुकानदार साठीचे, चष्मा नेहमी कपाळावर चढवलेला. सगळे त्यांना शेठजी म्हणतात, म्हणून मीही म्हणायचे. त्यांनी मोठीच्या मापाचा जोड काढून समोर ठेवला.

"तीनशे नव्वद."

"मागच्या वर्षी तीनशेले नेला मी," मी म्हणाले. "एका वर्षात काय शिंगं फुटली याले?"

"कंपनीनं वाढवले बाई. मी नाई वाढवले."

"सगळे असंच म्हणतात. तुम्ही त्यातले किती ठेवता थे सांगा."

दुकानात आणखी तीन-चार बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, "बरोबर बोलून राह्यली बाई." एवढं ऐकल्यावर माझा आवाज चढला. पोट्ट्यायच्या पायावर कमाई करून राह्यले तुम्ही, असंही मी बोलून गेले.

शेठजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट पाहिलं. "तुमाले असं वाटते न, मंग उद्यापासून इथं येऊन बसा. माही बिलं पाहा, खोके पाहा. आमची कामवाली बाई बाळंतपणाले माहेरी गेली. मी अन् माही बायको, दोघंच आहो. शाळा उघडेपर्यंत या, रोजी देतो."

मला गप्प करायलाच ते बोलले होते. पण मी तापले होते. "येते मी. किती वाजता?"

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "दहाले," म्हणाले.

माझा नवरा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाचा हंगाम संपला की त्याला जूनमध्ये काम नसतं. मी रिकाम्या हाताने घरी आले तेव्हा तो मोठीची सायकल दुरुस्त करत बसला होता.

"तू बूट आणाले गेलती न?"

"हो."

"मंग बूट कुठं हायेत?"

"मले तिथं काम लागलं."

तो पान्हा खाली ठेवून इतका वेळ हसला की मुली आतून बघायला आल्या. मग म्हणाला, "जा तू. स्वयंपाकाचं अन् पोरींचं मी पाहतो." त्याने पाहिलंही. पुढचे दिवस मुलींनी रोज खिचडी खाल्ली आणि एकदाही तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दहाच्या आधीच पोचले. शेठजींच्या बायकोने मला एक ठेंगणं स्टूल दिलं. गिऱ्हाईक वर बाकावर आणि आपण खाली स्टुलावर, समोर एक लहान पाय. पहिल्या दिवशी संध्याकाळी कंबर उचलवत नव्हती, पण तोवर मी बरंच शिकले होते. आया अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघतात आणि बाप सोल वाकवून बघतात. लेकराला विचारलं की बूट लागतो का, तर आवडलेला बूट कधीच लागत नाही आणि न आवडलेला सगळीकडून लागतो.

घाटंजीकडून एक आजोबा नातवाला घेऊन आले. मागच्या जोडाचा तळ त्यांनी मला दाखवला. तिथे तेरा नंबर होता. मी पोराचा पाय मापून एक नंबरचा खोका काढला. आजोबा माझ्याकडे संशयाने बघायला लागले.

"मागच्या साली तेरा, अन् आता एक? पोट्ट्याचा पाय आखडला का?"

मी समजावलं की लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यांना ते मुळीच पटलं नाही. एक नंबर म्हणजे लहान, मग भावही लहान पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. उलट एक नंबरपासून भाव वरच्या पायरीवर जातो, हे त्यांना सांगायला माझी जीभ धजेना. ते शेठजींनी सांगितलं. आजोबांनी शेवटी जोड घेतला, पण जाताना नातवाला म्हणाले, "तू लवकर मोठा होऊ नको बाबा."

ते मला तिथे बसल्यावरच कळलं. बुटाचा भाव दोन्हीकडून वाढतो. कंपनी वाढवते, आणि लेकरूही वाढतं. आई मागच्या जूनचा आकडा डोक्यात ठेवून येते. तो आकडा तेव्हाच्या पायाचा असतो.

एक शेतकरी मुलींना न आणताच आला. त्याच्या खिशात तुराटीच्या काडीचे दोन तुकडे होते, प्रत्येक मुलीच्या पायाएवढा एक. धाकटीच्या तुकड्याला लाल दोरा बांधलेला. पोरींना घेऊन यायचं म्हणजे तिकीट आणि वरून आइस्क्रीम, असं त्याने सरळ सांगितलं. मी तुराटी बुटात घालून पाहिली आणि दोन जोड दिले. दुसऱ्या दिवशी तो परत आला. मोठी मुलगी हुशार निघाली होती. माप घेताना तिने काडी टाचेच्या मागे सरकवली होती, वर्षभर जास्त चालावेत म्हणून. बूट तिच्या पायातून निघून येत होते. आम्ही बदलून दिले. या वेळी तो मुलीला सोबत घेऊन आला होता आणि तिच्या हातात आइस्क्रीम होतं.

माझ्या कामाच्या तिसऱ्या दिवशी नागपूरहून माल आला. शेठजींनी बिल माझ्यासमोर ठेवलं. "पाहा. म्हणूनच आल्या न तुम्ही."

मी एकेक ओळ वाचली. घेतल्याचा भाव आणि विकायचा भाव यांत फरक होता. पण त्या फरकात दुकानाचं भाडं, लाइटबिल, माझी रोजी आणि न खपलेले नंबर सगळं बसवायचं होतं. माळ्यावर अशा खोक्यांची रांगच लागली होती. मला थोडं वाईटच वाटलं. इतका आवाज चढवून आले होते, आणि हाती काहीच लागलं नाही.

"मंग?" शेठजींनी विचारलं.

"कंपनीचा पत्ता द्या," मी म्हणाले. त्यांची बायको खोक्यांच्या मागे हसली.

दुकानात एक गोष्ट रोज व्हायची. नवीन बूट पायात घालूनच लेकरं जायची आणि जुने तिथेच राहायचे. जिन्याखाली त्यांचा ढीग झाला होता. काही फाटलेले, पण बरेच चांगले. पाय मोठा झाला, बूट तसेच राहिले, एवढंच. एके दुपारी शेठजींनी त्यातले दोन जोड पुसून माझ्यासमोर ठेवले. "तुमच्या पोरीयच्या मापाचे दिसतात. घेऊन जा, कायले पैसे घालता."

ते मनापासून बोलत होते, हे मला कळत होतं. तरी मी त्या जोडांना हात लावला नाही.

माझ्या आजोबांच्या पायात आयुष्यभर दुसऱ्याच्या उतरलेल्या चपला होत्या. गावातल्या मोठ्या घरांतून त्या यायच्या, फेकल्यासारख्या. माझ्या वडिलांना शिपायाची नोकरी लागली आणि त्यांनी ठरवलं की आपल्या घरात आता कुणाचं उतरलेलं येणार नाही. आम्ही तिघी बहिणी. दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी ते आम्हाला दारव्ह्याला न्यायचे आणि तिघींना नवीन चपला घ्यायचे. साध्याच, प्लास्टिकच्या. पण खोक्यातून काढलेल्या. त्या वासासकट मला आठवतात.

"शेठजी, राग मानू नका," मी म्हणाले. "आमच्या घरी नवीनच घेतो. उशिरा घेऊ, पण नवीनच."

त्यांनी ते जोड उचलून परत ढिगात ठेवले. त्या दिवसानंतर ते मला बाईऐवजी ताई म्हणायला लागले. मीही त्यांच्यावर रागावले नाही. ढिगातले बूट पुढे शेठजींच्या बायकोने पुसून दाराशी ठेवले, ज्याला हवे त्याने न्यावेत म्हणून. बरेचजण नेत. ज्याचं त्याचं मन.

शाळा उघडायला चार दिवस उरले तसा दुकानात पाय ठेवायला जागा राहिना. धाकटीचे बूट मी आधीच रोजीतून घेऊन घरी नेले होते. मोठीच्या एक नंबरचा शेवटचा जोड मी गल्ल्याखाली लपवून ठेवला होता. त्या दिवशी दुपारी माझी मोठी जाऊ तिच्या मुलाला घेऊन आली. तोही तिसरीत, त्याच शाळेत. जाऊबाई मला स्टुलावर बसलेली बघून थांबल्या.

"सगळं गाव म्हणत व्हतं, मले खरं नाई वाटलं. तू इथं काहून बसली?"

"काम करून राह्यली, ताई. बसा न."

मी मुलाचा पाय मापला. एक नंबर. भाव ऐकल्यावर जाऊबाई उठून उभ्याच राहिल्या. "एवढे? अन् तू सांगून राह्यली मले? घरच्या माणसाले?"

"कंपनीनं वाढवले ताई. आम्ही नाई वाढवले." तोंडातून निघालं आणि मलाच ते ओळखीचं वाटलं.

"आम्ही," जाऊबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत आम्ही झाली तू. आपल्याकडची राह्यली नाई."

सगळं दुकान ऐकत होतं. मी मान खाली घातली. पोरगा मात्र मजेत पाय हलवत बसला होता. त्याच्या सँडलचा पट्टा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन लावलेली. शेल्फावर एक नंबर राहिलेला नाही हे मला माहीत होतं. नवीन माल कधी येईल ते शेठजींनाही ठाऊक नव्हतं. मी गल्ल्याखालचा खोका काढला आणि त्याच्या पायात बूट चढवले. नाडी बांधायला त्याला येत नव्हतं. दोनदा बांधून दाखवली, तिसऱ्यांदा त्याची त्याने बांधली. जाऊबाईंचा राग तेवढ्या वेळात उतरला असावा, कारण त्यांनी पैसे देताना फक्त एवढंच विचारलं, "आज कितीच्या गाडीनं येशील?"

मोठी मुलगी शाळेचे पहिले चार दिवस चपलांमध्ये गेली. मी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली होती. मुलीने मला एकच विचारलं, की बूट विकायला जाणाऱ्या आईच्या मुलीला बूट नाहीत, हे मैत्रिणींना कसं सांगायचं. मी म्हटलं, दादाले दिले असं सांग. तिने ते चुलतभावाच्या देखतच सांगितलं. संध्याकाळी जाऊबाईंकडून नवीन कैरीच्या लोणच्याची बरणी आली. सोबत निरोप काही नव्हता. बरणी मोठी होती.

पाचव्या दिवशी माल आला. माझं काम संपलं होतं, तरी शेठजींनी फोन करून बोलावलं. गेले तर त्यांनी आधी बिल पुढे केलं. त्याच बुटाला कंपनीने आणखी पंचवीस रुपये वाढवले होते. मी बिल दोनदा वाचलं. शेठजींनी जोड घेतल्याच्या भावात दिला, आणि मी नाही म्हटलं नाही. पुढच्या जूनला या, असंही ते म्हणाले. कामवाली बाई परतली तरी गर्दीत आणखी एक माणूस लागतोच. तेव्हापासून मी दर जूनला जाते.

मोठीने ते बूट रात्री घरातल्या फरशीवर फिरून फिरून वाजवले. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. शाळेची गाडी चिखलामुळे गावाबाहेरच थांबली, तिथून मुलं पायी आली. मी दारात उभी होते. मोठी अनवाणी येत होती, पाय घोट्यापर्यंत बरबटलेले. बूट नाड्यांनी गळ्यात अडकवलेले, मोजे आत खोचलेले, दोन्ही कोरडे.

"काटा लागला असता तर?" मी म्हटलं.

"बुटाले चिखल लागला असता," ती म्हणाली.

मी तिला ओट्यावर बसवलं आणि बादलीतल्या पाण्याने पाय धुतले. गुदगुल्या होऊन ती हसत होती आणि पाय ओढून घेत होती. टाच तळहातावर धरून मी सवयीने माप पाहिलं. दिवाळीपर्यंत हे बूट चालतील, होळीला आवळतील.