परत येणाऱ्या माणसाची गोष्ट

अमरावतीच्या कॉलेजात मी वीस-बावीस वर्षं मराठी शिकवते. कथानकाचे प्रकार हा माझा आवडता भाग. कुणी घर सोडून जातं, भटकतं आणि शेवटी परततं. कुणी हरवलेल्या माणसाला शोधायला निघतं. एका घटनेतून दुसरी निघाली पाहिजे, कारणाशिवाय काही घडता कामा नये, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा बजावते.

माझी थोरली बहीण तिच्या मुलीसोबत अकोल्याला असते. सहा वर्षांपूर्वी भाऊजी सकाळी दाढी करून, डबा घेऊन कामावर गेले ते परतलेच नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता. पोलिसांत तक्रार दिली, दवाखाने पालथे घातले. ताई मात्र खात्रीनं बोलायची.

"तू तं गोष्टी शिकवते. गेलेला माणूस येतेच नं शेवटी?"

"येतो," मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका नातेवाइकाला भाऊजी अमरावतीजवळच्या मोझरीच्या फाट्यावर दिसले, एका हॉटेलात चहा गाळताना. मी ताईला बोलावून घेतलं. येताना तिनं त्यांचा स्वेटर आणला होता.

आम्ही दोघी फाट्यावर गेलो. भाऊजीच होते. वाळलेले, केस पिकलेले. आम्हाला पाहून दचकले नाहीत. हातातला चहा गिऱ्हाइकाला देऊन बाहेर आले.

"काहून गेले तुमी?" ताईनं विचारलं.

"मले नाई सांगता येत."

"माही काई चूक झाली?"

"नाई."

"कोनी बाई हाये?"

"नाई वं."

"मंग घरी चला."

"मी नाई येत. तुमी जा आता."

आतून मालकानं हाक मारली, तसे ते गेले. आम्ही बाकावर तासभर बसून राहिलो. ते पुन्हा बाहेर आले नाहीत. ताईनं स्वेटर बाकावर ठेवला, मग उचलून परत पिशवीत कोंबला.

तिला पोचवायला मी अकोल्यापर्यंत गेले. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाली, "शोधलं नसतं तं बरं झालं असतं."

शोधायला मीच नेलं होतं.

इतकी वर्षं कुणी विचारलं की ती 'येतील' म्हणायची. आता शेजारणींनी विषय काढला की उठून आत जाते. रविवारी मी फोन करते.

"जेवली का?"

"जेवली."

एवढं बोलून ती फोन भाचीकडे देते.