शॉर्ट लेगच्या वन्सं

अख्ख्या जामखेडात आमच्या वन्संइतकं जवळ येऊन उभं राहणारं माणूस दुसरं नाही, हे मी पैजेवर सांगते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत खेळ शिकवतात, लग्न केलेलं नाही. कॉलेजच्या संघात त्या शॉर्ट लेगला असत, म्हणजे फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, बॅटचा वारा लागेल इतक्या जवळ वाकून. तिथून त्या अजून उठलेल्याच नाहीत.

बोलायला लागल्या की इतक्या पुढे येतात, की समोरचा मागे सरत सरत भिंतीला टेकतो. दूध तापत असलं की गुडघ्यात वाकून पातेल्यावर डोळा ठेवतात. आमच्याकडे दुधाची उतू जायची टाप नाही. डावं-उजवं त्यांना मान्यच नाही, सगळीकडे क्रिकेटच्या जागांचीच नावं. प्लंबरला फोनवर "बेसिनच्या सिली पॉइंटला गळतंय" म्हणाल्या, तर तो बिचारा नवं बेसिनच घेऊन आला. कुणाला नावं ठेवायची झाली तर 'बाउंड्रीवरचं माणूस' ही त्यांची सर्वांत मोठी शिवी. बघायला आलेल्या एका मुलाला त्यांनीच विचारलं होतं, "क्रिकेटमध्ये कुठं उभे ऱ्हाता?" तो हौसेनं "लाँग ऑन, पार बाउंड्रीला" म्हणाला आणि पोह्यांची बशी तिथूनच आत परत गेली. डाव्या भुवईवर चेंडू लागल्याची खूण आहे, ती त्या दागिन्यासारखी मिरवतात.

तर गेल्या हिवाळ्यात नेवाशाच्या सामन्याला त्यांनी शाळेच्या संघातून शॉर्ट लेगला कुणाला उभं करावं? माझ्या लेकीला! चेंडू लेदरचा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"वन्सं, तोंडाला लागलं म्हणजे?"

"अगं, हेल्मेट हाय की. डोळं मिटायचं न्हाई, मागं सरायचं न्हाई, सगळं शिकवलंय. लई भितीस तू."

"पोर माझी आहे हो."

"व्हय, तुझीच हाय," त्या म्हणाल्या आणि तिच्या हेल्मेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

समोर बॅटिंग करणाऱ्या मुलीनं चेंडू जोरात लेगला वळवला. माझी लेक वाकलेली तशीच राहिली, आणि कुणाला काही कळायच्या आत चेंडू तिच्या हातात होता! सगळा संघ तिच्या गळ्यात पडला. मी ओरडले, रडले, शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली. माझी पोर हलली नव्हती, आणि ते न हलणं वन्संचं होतं. दोघींचाही मला इतका अभिमान वाटला की ऊर भरून आला.

पण वन्सं कुठे दिसेनात. सापडल्या त्या बाउंड्रीच्याही पार पलीकडे, बाभळीखाली, मैदानाकडे पाठ करून, डोळे गच्च मिटून उभ्या.

"लागलं का गं पोरीला?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"नाही वन्सं. झेलला तिनं!"

"वाकली हुती का नीट?"

"अगदी तुमच्यासारखी."

"मला बघवंना गं," त्या म्हणाल्या.

मग मीच हातवारे करून त्यांना तो झेल पहिल्यापासून सांगू लागले. सांगता सांगता इतकी पुढे सरकले की त्यांची पाठ बाभळीला टेकली. आजवर त्या जवळ आल्या की मी मागेच सरत आले होते. भुवईवरची ती खूण इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिली. मला वाटत होतं त्याहून ती बरीच खोल होती.