साहेबाचा ऊन खायचा दगड

धुकं असं दाट, की समोरच्या भिंतीवरची पाटी वाचायची तर रस्ता ओलांडून जावं लागलं असतं. कडाक्याच्या थंडीचा हा दहावा दिवस. मावशीनं दुकानाची फळी वर केली, मेजावरचं जाड कांबळं झटकलं, इस्त्री लावली आणि ती तापेस्तोवर गठ्ठे सोडून मांडले. दवाखान्याचे पांढरे कोट, लॉजच्या चादरी, आणि शाळेच्या बाईंचा तो निळा शर्ट, ज्याच्या खांद्यावरची चुणी मरेपर्यंत जाणार नव्हती. मग बोट ओलं करून इस्त्रीच्या बुडाला लावलं. चर्र झालं.

"आली," मावशी म्हणाली आणि कोटाची कॉलर पुढ्यात ओढली.

एकतीस वर्षं हेच. एवढ्या वर्षांत एकही कपडा जाळला नव्हता. गल्लीतली माणसं म्हणायची, मावशीचा हात म्हणजे थर्मामीटर. मावशीलाही ते खरंच वाटायचं, आणि घोटाळा तिथंच होता.

दुकानामागच्या खोलीत, काचेच्या लांबट पेटीत, साहेब राहायचा. साहेब म्हणजे मुलाचा दाढीवाला सरडा. वीतभर धड, वीतभर शेपूट, गळ्याखाली काट्यांची दाढी. दिव्याखालच्या दगडावर छाती काढून बसायचा आणि कुणाकडे बघायचा नाही, म्हणून साहेब. मुलगा सहा महिन्यांसाठी बोटीवर नोकरीला गेला आणि जाताना त्याला आईच्या पदरात टाकून गेला.

"आई, त्याला दगडावर ऊन खाल्ल्याशिवाय अन्न पचत नाही. दगड चाळीसच्या आसपास ठेव, आणि पेटीचं पलीकडचं टोक गार. हे घे, दगडावर रोखलं की आकडा दिसतो."

बंदुकीसारखं ते यंत्र मावशीनं खणात ढकललं. "ऊब कळायला मला पिस्तूल लागत नाही रे."

चार महिने सगळं सुरळीत. मग थंडी पडली. मावशीनं दगडावर तळवा ठेवला आणि तो तिला गार लागला, म्हणून खाली वीट सरकवून तिनं दगड दिव्याजवळ नेला. साहेब उठून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तोंड वासून. 'गारठलाय बिचारा,' म्हणून मावशीनं दुसरी वीट लावली. त्यानंतर साहेबानं ना पाल्याला तोंड लावलं, ना अळीला. आज नऊ दिवस झाले. कातडी खडूसारखी फिकी, पोट खपाटीला. आणि गेल्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मावशी म्हणाली होती, "खातोय की! हावरट मेला." आज पुन्हा रविवार होता. दुपारी फोन येणार, आणि परत काय सांगायचं या विचारानं कोटाच्या एकाच बाहीवर तिसऱ्यांदा इस्त्री फिरत होती.

"अहो," तिनं आत हाक मारली, "पेटीतला कालचा पाला काढा तेवढा. माझे हात गुंतलेत."

काका, म्हणजे तिचे यजमान, कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले. बोटं लोण्यासारखी आणि सरड्याची भीती.

"जन्मभर साहेबांच्या पुढ्यातले कागद उचलले, आता पालाही उचलू?"

"तेच तर. तुम्हाला सवय आहे."

काकांनी एक डोळा साहेबावर ठेवून हात आत घातला. बघत होते कोपऱ्यात, हात टेकला दगडावर.

"आई गं! मेलो!"

इस्त्री उभी करून मावशी धावली. "चावला?"

"साहेब नाही, दगड चावला!"

"काहीतरीच." मावशीनं आपला तळवा दगडावर ठेवला, निवांत. "कोमट तर आहे."

"कोमट? बोटाला फोड येतोय माझ्या! बघू तो हात." काकांनी तिचा तळवा उजेडाकडे धरला. पिवळट, गुळगुळीत, जुन्या कातडी पट्ट्यासारखा. खण उघडून त्यांनी यंत्र काढलं आणि दगडावर रोखलं. त्रेसष्ट.

"बिघडलंय ते. पडून पडून."

काकांनी ते आपल्या हातावर रोखलं. तेहेतीस. मावशीच्या कपाळावर. चौतीस. "आणखी कुणावर झाडू?"

मावशीनं बाही वर सारली आणि दगडाला कोपर लावलं. मुलगा तान्हा असताना आंघोळीचं पाणी ती असंच बघायची. पुढच्या क्षणी कोपर मागं आलं.

"अगं बाई!"

तिनं कोपऱ्यातल्या फिक्या साहेबाकडे पाहिलं. "म्हणजे हा चटक्याला भिऊन पळून बसलाय, आणि मी मेली रोज विस्तव वाढवतेय." मग हळूच म्हणाली, "हात मेलाय माझा. मग इतकी वर्षं इस्त्री कशी केली हो मी?"

"कानानं," काका बोटावर फुंकर घालत म्हणाले. "चर्र ऐकून. आणि नाकानं. हात नुसता मिरवतो."

मावशीनं एक वीट काढली आणि दगड निवेपर्यंत पाच चादरी उरकल्या. बावन्न. दुसरी वीट काढली, आणखी सहा चादरी. छत्तीस.

"बघा! म्हणजे थंडीनं उतरलं होतंच," मावशीला जरा धीर आला. "माझं अगदीच चुकलं नव्हतं."

"पाव टक्का बरोबर होतं."

विटेऐवजी तिनं फरशीचा पातळ तुकडा सरकवला. एकेचाळीस. मग दोघंही पेटीसमोर स्टूल टाकून बसले. गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेलं. बऱ्याच वेळानं साहेबानं मान उचलली, दोन पावलं टाकली, थांबला, आणि शेवटी दगडावर चढून पसरला, इस्त्री फिरवलेल्या चादरीसारखा सपाट. हळूहळू अंगावर वाळूचा रंग चढला. मावशीनं चिमट्यात अळी धरून पुढं केली. साहेब बघेना. तिनं तशीच धरून ठेवली. तेवढ्यात जीभ सपकन आली आणि अळी गायब. दुसरीही गेली. तिसऱ्या वेळी त्यानं तोंड फिरवलं.

"आजचं कामकाज संपलं," काका म्हणाले.

दुपारी फोन वाजला.

"आई, साहेब कसाय? खातोय?"

"दोन अळ्या खाल्ल्या. नऊ दिवसांनी."

"नऊ? गेल्या रविवारी तर म्हणालीस—"

"खोटं बोलले. तुझ्या साहेबाला मी भाजायला घेतलं होतं. त्रेसष्टवर." आणि तिनं विटांपासून कोपरापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"पोटाला भाजलं नाही ना? नीट बघितलंस?"

"बघितलं, उलटा करून. स्वच्छ आहे. दगडावर बसलाच नाही तो, तुझ्या आईपेक्षा शहाणा."

"रोज मोजशील आता?"

"मोजते रे बाबा. सकाळ-संध्याकाळ. पिस्तूल इस्त्रीशेजारीच ठेवलंय."

फोन ठेवून ती मेजाशी आली. निळा शर्ट तेवढा उरला होता. तिनं बोट ओलं करून इस्त्रीला लावलं आणि मान जरा तिरकी करून ऐकलं. चर्र. मग शर्टाचा खांदा मेजाच्या टोकावर ताणला आणि ती त्या चुणीच्या मागं लागली.